बियाण्याच्या पाकिटातलं पिवळं कार्ड

नागपूरच्या डॉक्टरीण बाईनं माझं रक्त मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं. फोन पोराच्या हातात होता, आवाज मोठा केलेला, त्यामुळे घरात सगळ्यांना ऐकू येत होतं. बाई म्हणाली, "आजोबा-आजी दोघंही येतील ना?" पोरानं माझ्याकडं पाहिलं. सून ओट्याजवळ उभी होती, तिनं पाहिलं नाही. मी नकाराची मान हलवली, चप्पल घातली आणि वावरात निघून गेलो. त्या साली वावरात पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी गेलो.

का नाही म्हटलं ते सांगायचं तर मागचं सगळं सांगावं लागते. मी चवथी शिकलेला माणूस. वाक्य लांबलं की मला दम लागते, म्हणून थांबत थांबत सांगतो.

माझी पहिली नात सव्वाचार वर्षं जगली. सहा महिन्यांची होती तेव्हा तिच्या हातापायांची बोटं सुजली. काही चावलं असेल म्हणून म्हातारीनं हळद लावली. पुन्हा सुजली. यवतमाळच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि तिला लाल कार्ड मिळालं. सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि अंग दुखते. कसं दुखते ते मला लिहिता येत नाही. पोरगी रडून रडून थकायची आणि मग नुसती छताकडं पाहत राहायची. उचललं तर जास्त दुखायचं. म्हणून मी खाटेला टेकून भुईवर बसायचो आणि माझं एक बोट तिच्या मुठीत द्यायचो. रक्त चढवलं की दीड-दोन महिने बरी राहायची, कोंबड्यांच्या मागं धावायची. एका पावसाळ्यात ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली.

आता कार्डाचं सांगतो.

पोराच्या लग्नाच्या आधी आमच्या वस्तीतल्या शाळेत तपासणी झाली. उपकेंद्राची नर्सबाई टेबल टाकून बसली होती, बोटाला टोचून रक्त घेत होती. रांगेत उभ्या लोकांना ती समजावून सांगत होती की तुमच्या लोकांत हा आजार जास्त दिसते, म्हणून सगळ्यांनी तपासून घ्या. 'तुमच्या लोकांत' एवढं मी ऐकलं आणि रांगेतून बाहेर झालो.

बाईचं चुकलं नव्हतं. हा आजार गोंडांत आहे, कोलामांत आहे, आमच्यात आहे. ज्याच्यात आहे त्यालाच सांगणार. पण माझ्या बापाला गावच्या विहिरीच्या पायरीवर चढू देत नव्हते, का, तर आमचा हात लागला की पाणी बाटते. आम्ही धम्म घेतला तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो, बापाचा हात धरून उभा होतो. त्या दिवसापासून आमच्या अंगात कोणी खोट काढली की माझं डोकं फिरते. हात बाटवते म्हणून झालं, सावली बाटवते म्हणून झालं, आता रक्त राहिलं होतं.

नर्सबाई मागून आली. "बाबा, बोट द्या ना. मुंगी चावल्यासारखं होते फक्त."

"मुंगीले चावू दे," मी म्हटलं. "तू नको चावू."

रांगेतली माणसं हसली. मला बरं वाटलं.

पोरानं मात्र रक्त दिलं होतं. त्याला पिवळं कार्ड आलं. पिवळं म्हणजे वाहक. स्वतःला काही होत नाही, माणूस कामधंदा करते, म्हातारा होते. पण बायकोही पिवळी मिळाली तर दर पोराच्या वेळी चारातला एक डाव लाल पडायचा. लग्न जमवताना समोरच्याला दाखवा, असं नर्सबाईनं बजावून सांगितलं होतं.

मी ते कार्ड बियाण्याच्या पाकिटात घातलं. आमच्या इकडं सरकीचं पाकीट कोणी फेकत नाही. उगवलं नाही, अळी पडली, तर पंचनाम्याला पाकीट आणि बिल लागते. म्हणून दर सालची पाकिटं एका थैलीत घालून आढ्याला टांगलेली राहतात. मी थैली काढली, एका पाकिटात कार्ड सरकवलं आणि परत टांगली. पोरगा दारात उभा होता.

"बाबा, पोरीवाल्याइले सांगा लागंल ना."

"काय सांगतं? तुले काय झालं हाय? बैलावानी धडधाकट हायेस."

"कार्डावर लिवलं हाय."

"कागदावर गंज काहीबाही लिवते. तोंड बंद ठेव."

त्याला नुकतीच वणीकडच्या कोळशाच्या खाणीत डंपरवर नोकरी लागली होती. तो माझा एकटाच, उशिरा झालेला. माझ्यापुढं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि ती सवय मीच लागू दिली नव्हती.

सून झरी जामणीकडची. बीए झालेली. त्यांच्या गावात तपासणी पोचलीच नव्हती. पाहायला गेलो तेव्हा तिच्या बापानं वावर विचारलं, नोकरी विचारली, पोरगा पिते का ते विचारलं. रक्ताचं विचारलं नाही. मला खोटं बोलावं लागलं नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं मी तेवढ्यावर स्वतःला खरा माणूस समजत राहिलो.

नात लाल निघाल्यावर नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं. दोघंही पिवळे. सून रडत म्हणाली, "आधी माहीत असतं तर." पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी वर पाहिलं, तर तिथं थैली लोंबत होती. मी म्हटलं, हे म्हातारीच्या माहेराकडून आलं असंल, आमच्या घराण्यात असलं काही नाही. म्हातारी तांदूळ निवडत होती. ती काही बोलली नाही. हे मी पुढं दहा जणांत म्हटलं, दर वेळी तिच्यासमोरच.

नात गेल्यावर सुनेला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात नागपूरला पोटातलं तपासलं. लाल निघालं. ते पाडावं लागलं. घरी आल्यावर चार दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. पाचव्या दिवशी उठली, आंघोळ केली, आणि पोराला म्हणाली, "आता पोटात आल्यावर तपासायचं नाही मले. दोनदा माती दिली मी."

मग आलं बोंडअळीचं साल. कापसाची पऱ्हाटी छातीइतकी वाढली होती, बोंडं टपोरी, हिरवीगार. कृषी सहाय्यक धुऱ्यावर, बांधावर येऊन म्हणाला, "बाबा, वीस बोंडं तोडा आणि फोडून पाहा. गुलाबी अळी बाहेरून दिसत नाही."

"माह्या पऱ्हाटीले काय धाड भरली? अन् फोडलेलं बोंड मंग तुह्या घरी फुटंल काय?"

तो गेला. मी एकही बोंड फोडलं नाही. दसऱ्यानंतर वेचायला गेलो तर बोंड अर्धवट उघडलेलं, आत कवडीसारखा पिवळा कापूस, आणि तांदळाएवढी गुलाबी अळी. सगळ्या शिवाराचं तेच झालं, पण शेजाऱ्यानं आधी फोडून पाहिलं होतं, सापळे लावले होते, त्याच्या हाती अर्धं तरी लागलं.

नुकसानीचा फॉर्म भरायला पाकीट आणि बिल मागितलं. पोरगा ड्युटीवर होता. घरात फॉर्म भरणारी सूनच. तिनं स्टूल ठेवून थैली काढली आणि ओसरीवर उलटी केली. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. मला कार्डाची आठवण झाली तेव्हा ते तिच्या हातात होतं.

तिनं दोन्ही बाजू वाचल्या. "मामाजी, ही तारीख लग्नाच्या सात महिने आधीची हाय."

मी बशी खाली ठेवली. तिनं कार्ड पुन्हा उलटून पाहिलं. मग तिनं ते बाजूला ठेवलं, पेन उचललं आणि फॉर्म पुढं ओढला.

"गट नंबर सांगा," ती म्हणाली.

मी सांगितला. क्षेत्र विचारलं, तेही सांगितलं. शेवटी तिनं सही करायची जागा बोटानं दाखवली. मी सही केली. त्या दिवसापासून तिनं मला वेळेवर ताट वाढलं, चहा दिला, मामाजीही म्हटलं. पण विचारलं काही नाही. आधी ती वावरात कोणतं वाण पेरायचं तेही विचारायची.

त्याच हिवाळ्यात ती दोघं नागपूरच्या दवाखान्यात गेली. गर्भ बाहेर काचेत तयार करायचा, तो पोटात ठेवायच्या आधी तपासायचा, आणि लाल नसेल तोच ठेवायचा. असं करता येते हे सुनेनंच शोधलं होतं. खर्च पोराच्या नोकरीवर आणि तिच्या दागिन्यांवर झाला, त्याचं मी इथं लिहीत नाही.

पण बाईला आमचं रक्त कशाला पाहिजे, हे मला पोरानं समजावून सांगितलं. गर्भातून पाच-सहा पेशीच काढता येतात. एवढ्याशा मालात ती नेमकी खोट कधी कधी दिसतच नाही, सुटून जाते. म्हणून तिच्या आजूबाजूच्या खुणा पाहतात. कोणत्या खुणांच्या सोबत खोट चालत येते, हे आधी घरच्या लोकांच्या रक्तातून काढून ठेवावं लागते. नातीचं रक्त असतं तर सोपं झालं असतं. ती नव्हती. म्हणून दोन्हीकडचे म्हातारे पाहिजेत.

मला ते लगेच समजलं. मोजणीवाला येते तेव्हा धुऱ्याचा एखादा दगड हरवलेला राहते. मग तो बाजूच्या चार दगडांवरून दोरी टाकते आणि हरवलेला दगड कुठं होता ते सांगते. समजलं म्हणूनच मी नाही म्हटलं. दोरी टाकल्यावर दगड माझ्याच वावरात निघाला तर?

आठ दिवस घरात त्याचं कोणी नाव काढलं नाही. नवव्या दिवशी मी दाढी करत होतो तेव्हा म्हातारी बाजूला येऊन बसली.

"मी सोमवारी जाऊन राह्यली नागपूरले. तुमचं काय जी?"

"मी येत नाही."

"काहून?"

"माह्या घराण्यात नाही म्हटलं ना एकदा."

"मंग डरता कायले?" ती म्हणाली. "इतके वर्षं माह्या माहेराले बोल लावले तुमी. चला, होऊन जाऊ द्या. माह्या बापाचं निघालं तर मी सगळ्या वस्तीत सांगत फिरीन."

डरता हा शब्द मला आजवर कोणी लावला नव्हता. सोमवारी सकाळच्या एसटीत मी तिच्या आधी चढलो. मी काही पोरासाठी गेलो नाही. मी माझं घराणं साफ आहे हे दाखवायला गेलो, हे इथं लिहून ठेवतो.

दवाखान्यात सुनेचे माय-बापही आले होते. रक्त काढणारी पोरगी माझी शीर शोधत होती. इतके वर्षं ज्याला नाही म्हटलं ते काम दोन मिनिटांत झालं. मुंगीएवढंही दुखलं नाही. बाहेर बाकावर व्याही माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होता. सरळ माणूस. त्यानं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "आपल्याले कोणालेच माहीत नव्हतं जी. माहीत असतं तर पोराइवर ही पाळी कायले आली असती?"

तेव्हा मला समजलं की सुनेनं आपल्या बापाला कार्डाचं सांगितलं नव्हतं. चार महिने झाले होते. माझी अब्रू ती झाकून बसली होती, आणि मी समजत होतो की ती माझ्यावर रुसली आहे.

"मले माहीत होतं," मी म्हटलं. "पोराचं पिवळं कार्ड लग्नाच्या आधीच आलतं. मी लपवलं."

व्याह्याच्या हातातली फोड तशीच राहिली. "पोरीले माहीत हाय?"

"हाय."

ती फोड त्यानं सालीवर परत ठेवली. मग म्हणाला, "तिनं मले सांगतलं नाही. मंग मी काय बोलू?" उरलेलं संत्रं त्यानं कागदात गुंडाळलं आणि उठून दुसऱ्या बाकावर, बायकोजवळ जाऊन बसला. ते अर्धं संत्रं मी संध्याकाळपर्यंत खिशात घेऊन फिरलो.

महिन्याभरानं निकाल आला. म्हातारीचं रक्त साफ. माझं पिवळं. पोराला जे आलं ते माझ्याकडून आलं, नातीला अर्धं माझ्याकडून आलं. पोरगा ते वाचताना अडखळला. मीच म्हटलं, वाच, मोठ्यानं वाच. म्हातारी भाकर थापत होती. तव्यावरची भाकर उलटवून ती म्हणाली, "माह्या बापाले आता बरं वाटंल." तिचा बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

एवढंच. सगळ्या वस्तीत सांगत काही ती फिरली नाही.

उन्हाळ्यात सुनेची इंजेक्शनं सुरू झाली. एरवी बाईच्या अंगात महिन्याला एकच बीज पिकते, ही इंजेक्शनं दिली की आठ-दहा पिकतात. दहा-अकरा दिवस रोज एक, पोटात. ती थंड ठेवावी लागतात. घरी फ्रीज होता, पण वादळ-वारं सुटलं की वीज चार-चार तास येत नव्हती. मी कोणाला न विचारता ते काम माझ्याकडं घेतलं. सायकलवर बसून फाट्यावरच्या रसवंतीत जायचो, बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणायचो, थर्मासच्या डब्यात फोडून भरायचो. रसवंतीवाला विचारायचा, "बुढ्या, घरी सरबताची दुकान टाकली काय?" मी म्हणायचो, "हो, तुही गिऱ्हाइकी खातो."

इंजेक्शन द्यायला उपकेंद्राची तीच नर्सबाई यायची. आता तिचे केस पिकले होते. पहिल्या दिवशी डबा माझ्या हातात पाहून म्हणाली, "काय बाबा, आता चावू देता काय मुंगीले?" मी डबा तिच्यापुढं धरला. सून हसली. कार्ड सापडल्यानंतर तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

मग बीजं काढायला नागपूर. पंधरा मिनिटं गुंगी देऊन सुईनं बीजं ओढून घेतात. नऊ निघाली. त्यातली सात पक्की होती, त्यांत सुईनंच एकेकात एक असं पोराचं बीज सोडलं. पाच जुळली. पाचव्या दिवसापर्यंत तीनच टिकली. पोरगा रोज फोन करायचा, आणि रोज आकडा खाली यायचा. पेरल्यावर एकेक तास, एकेक ओळ पाहतो तसं झालं, किती उगवली, किती जळाली.

पाचव्या दिवशी मीही सोबत गेलो. भिंतीवर पाटी होती, मुलगा का मुलगी ते सांगितलं जाणार नाही, तो गुन्हा आहे. आम्हाला ते विचारायचंच नव्हतं. डॉक्टरीण बाई समजावून झाल्यावर म्हणाली, "काही विचारायचं आहे का?" पोरगा नाही म्हणाला. मी म्हटलं, "मले हाय."

"विचारा बाबा."

"बाई, बोंडात अळी हाय का हे पाहाले बोंड फोडा लागते. फोडलं का ते बोंड गेलं. तुमी हे तीन फोडून पाहसाल, मंग ठेवसाल काय?"

बाई हसली नाही. तिनं कागद घेऊन एक गोल काढला, आत एका कोपऱ्याला ठिपक्यांचा गुच्छ. "हा आतला गुच्छ म्हणजे पुढं होणारं बाळ. याला आम्ही हात लावत नाही. हे बाहेरचं आवरण आहे ना, त्याची पुढं वार होते, बाळंतपणात जी पडून जाते ती. त्यातल्या पाच-सहा पेशी काढतो. दोन्ही एकाच बीजाचं असते, म्हणून बाहेरच्यावरून आतलं समजते. शंभर टक्के नाही, पण बहुतेक बरोबर येते. गर्भ तोवर गोठवून ठेवतो."

"म्हंजे फोडत नाही."

"नाही. टरफलातून चिमूटभर काढतो."

मी तो कागद मागून घेतला. अजून माझ्यापाशी आहे.

तीन आठवड्यांनी निकालाला बोलावलं. मी, पोरगा, सून. बाईनं सांगितलं. एक लाल. एकात सिकलसेल नाही, पण त्याच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आहे, ते ठेवलं तरी टिकणार नाही. राहिलं एक. ते पिवळं. वाहक.

पोरगा टेबलाच्या कडेला नखानं ओरखडत होता. मीच बोललो.

"पिवळं नको. आणखी एक डाव करा."

बाई म्हणाली, "बाबा, वाहक म्हणजे आजारी नाही."

"मले माहीत हाय. पण ही खोट माही हाय. माह्यापासून इथवर आली. इथंच थांबू द्या तिले. साफ पाह्यजे."

मला वाटलं होतं सून माझ्या बाजूनं बोलेल. तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली.

"मामाजी, तुमचं वय किती?"

"पंचाहत्तरीच्या आसपास."

"खाटेवर पडले काय कवा?"

"नाही."

"बर्फाची लादी सायकलवर कोण आणत होतं?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग पिवळ्याले नावं कायले ठेवता? तुमच्या रक्तानं माही पोरगी नाही गेली," ती म्हणाली. "तुमी बोलले नाही, म्हणून गेली."

डॉक्टरीण बाई कागद सारखे करत बसली. सून बाईकडं वळली आणि म्हणाली, "हे माहं हाय. हेच ठेवा."

तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला राग आला नाही. मला झोप यावी तसं झालं. इतके दिवस उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि कोणी तरी म्हटलं, बसा आता.

पुढच्या महिन्यात गर्भ पोटात ठेवला. त्याला गुंगीही लागत नाही, बारीक नळीनं सोडतात. चौदा दिवस वाट. ते चौदा दिवस मी ओळीनं वावरात काढले. मागच्या सालची वाळकी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर जाळली, कारण तिच्यात अळी दडून राहते. पंधराव्या दिवशी पोरगा फटफटीवर वावरात आला आणि दुरूनच मान हलवली. होकाराची का नकाराची ते मला दिसलं नाही. तो जवळ येईपर्यंत मी हातातली पऱ्हाटीची काडी सोडली नाही.

राहिलं होतं. पाचव्या महिन्यात बाईनं खात्रीसाठी पोटातलं पाणी तपासायला सांगितलं. सून आधी नाही म्हणाली, मग गेली. पिवळंच निघालं, जसं सांगितलं होतं तसं.

पोरगी झाली. आज ती अंगणवाडीत जाते. कोंबड्यांच्या मागं धावते. धावताना पडून रडली की माझा हात अजून खाली भुईकडं जाते, बोट द्यायला. पण ही उठून पळून जाते. पहिलीचं दुःख हिच्यानं फिटलं असं कोणी म्हटलं तर मी तिथून उठून जातो.

नर्सबाईनं तिचं कार्ड आणून दिलं त्या दिवशी मी ओसरीवर होतो. सुनेनं ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुमच्यापाशी ठेवा मामाजी. पाकिटात नका ठेवू."

मी दाराजवळच्या खिळ्याला ते लटकवलं, कॅलेंडरच्या वर. बाजूला माझंही लावलं, माझ्या नावाचं, पंचाहत्तराव्या वर्षी मिळालेलं. येणारा-जाणारा विचारते. मागच्या आठवड्यात वस्तीतला एक जण पोराचं लग्न जमवायला निघाला होता, सोबत चला म्हणून मला बोलवायला आला. मी टोपी घातली. खिळ्यावरचं माझं कार्ड काढून खिशात ठेवलं आणि त्याला विचारलं, "पोराचं कुठं हाय?"

तो म्हणाला, "घरी असंल कुठंतरी. आता ते कायले?"

मी खाटेवर बसलो. म्हटलं, "जाऊन घेऊन ये. तोपर्यंत मी इथंच हाओ."